पौर्णिमा पाळणारे बेडूक

२१ फेब्रुवारी

योगराजाचा ईमेल आला. ‘सुजीवा अक्का, बेडकांच्या आवाजावरचा एक निबंध परीक्षणासाठी पाठवतोय. तुमच्याशिवाय कोणाला पाठवू?’ जर्नलचा संपादक झाल्यापासून हा माणूस इतकं गोड बोलतो की नाही म्हणायला तोंडच उघडत नाही. हो म्हणून बसले.

खरं तर नकोच म्हणायला हवं होतं. १५ मार्चला अनुदानाचा प्रस्ताव द्यायचा आहे आणि माझ्यापुढे कोरा कागद आहे, त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग. निवृत्तीला दोन वर्षं उरली. अनुदान मिळालं तर ती दोन वर्षं चिखलात, जळवांत आणि बेडकांत जातील. नाही मिळालं तर पहिल्या वर्षाच्या मुलांचे पेपर तपासत पंख्याखाली. विचारानेच अंगावर काटा येतो.

२३ फेब्रुवारी

निबंध वाचला. पोटात दुखलं. इतका चांगला लिहिलाय.

वरच्या डोंगरात चहामळ्याच्या कडेला ओढा आहे, तिथले झुडपी बेडूक. लेखकाने झाडांना रेकॉर्डर बांधून वर्षभर त्यांच्या संध्याकाळी टिपल्या. बेडूक रोज उजेड असतानाच एका सुरात ओरडायला लागतात. पण पौर्णिमेला नाही. पौर्णिमेला ते पार अंधार पडेपर्यंत गप्प. आभाळ भरलेलं असो की मोकळं, फरक पडत नाही. म्हणजे चंद्र दिसायचीही गरज नाही, बेडकांच्या अंगातच चंद्राचं घड्याळ आहे. आलेख तर असे देखणे की भिंतीवर लावावेत.

लेखकाचं नाव झाकलेलं असतं, तसं माझंही त्याला कळत नाही. पण हा मातारा विद्यापीठातला वीरकोडी आहे, दुसरा कोणी असूच शकत नाही. ‘नम्रपणे सुचवावेसे वाटते’ असं लिहून पुढे अजिबात नम्र नसलेलं काहीतरी सुचवणारा या बेटावर तो एकटाच. मागचं अनुदान त्याने माझ्या नाकासमोरून नेलं होतं.

मनात किंतु नको म्हणून योगराजाला फोन केला. म्हटलं, “लेखक कोण ते मला कळलंय. परत घे.”

“कळलंय की वाटतंय, अक्का?”

“वाटतंय.”

“गेल्या खेपेलाही तुम्हाला वीरकोडीच वाटला होता. तो निबंध चेन्नईच्या एका बाईंचा होता.”

मी उगाच निबंधाची पानं चाळली.

“हे बघा, न्यायाने लिहिता येणार नाही असं वाटत असेल तर आत्ता परत करा. त्यात काही कमीपणा नाही. येईल असं वाटत असेल तर लिहा, पण महिनाभर बसू नका त्यावर. तिकडे कोणीतरी जीव मुठीत धरून बसलंय.”

येईल म्हणाले. आता आलंच पाहिजे.

२८ फेब्रुवारी

माझ्या नवऱ्याला, लायनलला, राहवत नाही. मी हेडफोन लावून बसले की तो दारात येऊन उभा राहतो. “काय ऐकतेयस?”

“सांगता येत नाही. दुसऱ्याचं आहे.”

“तीस वर्षं आयकर खात्यात काढली मी, प्रोफेसर बाईसाहेब. लपवणाऱ्याचा चेहरा बरोबर ओळखतो.”

“मग ओळख.”

“बेडूक.”

“ते अख्ख्या कँडीला माहीत आहे.”

तो हसत गेला. बिचारा निवृत्त झाल्यापासून कोणाला पकडायला मिळत नाही म्हणून कासावीस असतो.

प्रस्तावाचा कागद अजून कोराच आहे. डाग मात्र दोन झाले.

६ मार्च, मेदिन पोया

आत्ताच्या आत्ता लिहिलंच पाहिजे.

पौर्णिमेची सुट्टी. सकाळी पांढरी वस्त्रं नेसून देवळात जाऊन आलो. दुपारभर ऊन. संध्याकाळी मी परिप्पूची डाळ शिजवत होते आणि लायनल ताटली घेऊन फाटकापाशी उभा होता, पाववाल्याच्या तीनचाकीची वाट बघत. रोज साडेपाचच्या सुमाराला ती येते, कर्ण्यावर तीच ती धून वाजवत, आणि हा साखर लावलेला किंबुला बन घेतो. डॉक्टरांना सांगत नाही.

“आज आला नाही गं अजून.”

“पोयाला कसा येईल? तो दिवसभराचं शील-व्रत घेऊन देवळात बसला असेल.”

हे मीच बोलले. माझ्याच तोंडाने. आणि डाव हातात तसाच धरून उभी राहिले.

तशीच खोलीत गेले. लेखकाने निबंधासोबत मूळ ध्वनिमुद्रणंही जोडली आहेत, पण आलेख काढण्याआधी त्याने संगणकाकडून माणसांचे सगळे आवाज पुसून घेतले होते. बरोबरच आहे, बेडकांच्या अभ्यासात बसचे भोंगे कोणाला हवेत. मीही आठवडाभर ती पुसलेलीच ऐकत होते. आता न पुसलेली लावली.

आधी ओढ्याचं पाणी. मग दूर वळणावरून, धुक्यातून यावी तशी, पाववाल्याची धून. ती संपायच्या आत एक बेडूक ओरडला. मग दोन-चार. मग अख्खा डोंगर. दुसरी संध्याकाळ लावली, तेच. तिसरी, तेच. एके दिवशी गाडी उशिरा आली तर बेडूकही उशिरा. मग पौर्णिमेची लावली. नुसतं पाणी. धून नाही, बेडूक नाहीत. काळोख झाल्यावर एकेक जण आपापला सुरू झाला, जसे जगभरचे बेडूक होतात.

ते चंद्रबिंद्र काही पाळत नाहीत. पाववाला पाळतो. बेडूक पाववाल्याला ओ देतात.

लेखकाने एक पौर्णिमा बाजूला काढून ठेवली आहे. त्या दिवशी बेडूक लवकर ओरडले म्हणून ‘यंत्रातील दोष असावा’ अशी तळटीप दिलीय. ती उघडली. त्या दिवशी गाडी आली होती. वेगळ्याच कोणाची, किनऱ्या, फाटक्या कर्ण्याची, पण धून तीच. बेडकांनी तिलाही ओ दिली.

मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. लायनल आत आला. “परिप्पू करपलं.”

“करपू दे.”

“मी काय खाऊ?”

“मला सांग, पोयाला कधीच येत नाही का रे पाववाला?”

“आपला नाही येत. वेसाकच्या पोयाला एकदा खालच्या गावचा कोणीतरी आला होता, बन शिळे होते त्याचे.” एवढं सांगून तो माझ्याकडे आणि हेडफोनकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, “अंडी तळतो.” कशाला विचारतेस असंही त्याने विचारलं नाही. त्याला बनापलीकडे काही सुचत नाही हे बरंच आहे.

७ मार्च

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत इतका आनंद झाला नव्हता. सकाळी उठल्यापासून डोक्यात प्रश्नच प्रश्न. बेडूक ही साद शिकले कशी? गाडी बंद केली तर विसरतील का? शेजारच्या ओढ्यावरच्यांना तीच सवय असेल का? दात घासतानाही मी ती धून गुणगुणत होते.

मग कागद घेतला आणि दुपारपर्यंत प्रस्ताव लिहून झाला. ‘माणसांचे आवाज आणि बेडकांची साद.’ एका बैठकीत. इतका नेटका प्रस्ताव मी जन्मात लिहिलेला नाही.

परीक्षणही लिहून टाकलं. तीन ओळी. ‘चंद्राशी संबंध सिद्ध होत नाही. निष्कर्ष टिकण्यासारखे नाहीत. नाकारावा.’ यातला शब्दन् शब्द खरा आहे. कोणीही बोट ठेवू शकणार नाही. लेखक निबंध कपाटात टाकेल आणि दोन वर्षांनी मी पाववाल्याची गोष्ट जगाला सांगेन.

उद्या पाठवते.

८ मार्च

पाठवलं नाही. जरा सर्दी आहे.

वीरकोडी माझ्या जागी असता तर त्याने एव्हाना पाठवून वर चहा घेतला असता. आणि शोधलं मीच ना? माझ्या कानांनी, माझ्या स्वयंपाकघरात. मी ऐकलं नसतं तर ते तिथेच पडून राहिलं असतं.

पण त्या ओढ्यावर वर्षभर जळवा कोणाच्या पायाला लागल्या? माझ्या नाही. माझ्या घरी ते मुद्रण आलं ते विश्वासाने आलं, कुलूप लावून दिलेल्या पेटीसारखं. मी पेटी उघडावी म्हणूनच ती दिली होती. आतलं काढून घ्यावं म्हणून नव्हती दिली.

प्रस्ताव पुन्हा वाचला. उत्तमच आहे, म्हणून आणखीच राग आला.

१० मार्च

नाकारायचंच ठरवलंय. फक्त त्या तीन ओळींखाली चौथी टाकली: ‘न पुसलेली मुद्रणे एकदा ऐकावीत.’ एवढी माणुसकी पुरे.

मग वाटलं, नुसतं ऐकून त्याला काय कळणार, कुठली ऐकायची तेही सांगावं. ते सांगितलं. मग त्या टाकून दिलेल्या पौर्णिमेबद्दल लिहिणं भाग पडलं, कारण तीच सगळ्यात मोठा पुरावा आहे आणि त्या गाढवाने तिला यंत्राचा दोष म्हटलंय. मग हे पडताळायचं कसं? पोयाच्या संध्याकाळी मुद्दाम धून वाजवून बघावी. देवळाची घंटा वाजवावी, बसचा भोंगा वाजवावा, नाहीतर कुठल्याही आवाजाला ओ देतात असं कोणी म्हणेल. पाववाल्याला विनंती करून चार दिवस कर्णा बंद ठेवावा. लिहिता लिहिता पानं वाढत गेली.

लायनल कोरा चहा आणि गुळाचा खडा घेऊन आला. वाकून बघणार होता, मी हात आडवा धरला.

“तक्रार लिहितेयस की प्रेमपत्र?”

“नकार लिहितेय.”

“एवढा लांब? आमच्याकडे दोन ओळींत व्हायचा.”

१२ मार्च

नऊ पानं झाली. ‘नाकारावा’ खोडून ‘मोठी दुरुस्ती करून घ्यावा’ केलं, कारण ज्याला नऊ पानं सांगितली त्याला नाकारायचं कसं. माझ्या दोन जुन्या निबंधांचा उल्लेख करायला सांगितलं होतं. एक खरंच गरजेचा होता. दुसरा नुसता मिरवायला, तो काढला. ‘गाढव’ हा शब्दही काढला.

संपादकासाठी वेगळा रकाना असतो, लेखकाला न दिसणारा. त्यात लिहिलं की हे वाचून माझ्या मनात दोन-तीन दिवस चोरी होती, याच विषयावर मी प्रस्तावही लिहिला होता, तो आता फाडला आहे, तरी माझं परीक्षण वाकडं वाटलं तर दुसऱ्याला विचारावं. बटण दाबताना हात जड झाला. मग एकदम हलका झाला.

तासाभरात योगराजाचा फोन. हसू आवरत नव्हतं त्याला. “अक्का, चोरी केली नाही हे कळवायला अर्धं पान लागतं?”

“ते तुझ्यासाठी नव्हतं लिहिलं.”

“तुमच्या जोडीच्या परीक्षकाने दोन ओळी पाठवल्यात. ‘सुंदर आहे, छापा.’ मीही छापून बसलो असतो. पुढच्या पौर्णिमेला अख्खा देश आपल्याला हसला असता.” मग म्हणाला, “आणि तुमचं अनुदान?”

“तीन दिवस आहेत ना अजून.”

“हा निबंध छापून आला की त्यावर पुढे काम करायला तुम्ही मोकळ्या आहात. तोवर मात्र…”

“मला शिकवू नकोस.”

१५ मार्च

दुसरं काही सुचलं नाही. कार्यालय पाचला बंद झालं. विभागप्रमुख दिलानी म्हणाली, “मॅडम, तुम्ही दिलाच नाहीत?” मी म्हटलं, विषय नव्हता. तिला वाटलं असेल, म्हातारी संपली. स्वच्छतागृहात जाऊन थोडी रडले. खोटं कशाला लिहू, वाईट वाटलं, खूप वाटलं.

संध्याकाळी लायनल म्हणाला चल, आणि आम्ही घरामागच्या ओढ्यावर जाऊन बसलो. पाववाला वरच्या रस्त्याने धून वाजवत गेला. मी श्वास रोखून बसले. आमच्या ओढ्यावरच्या एकाही बेडकाने तोंड उघडलं नाही.

“गर्विष्ठ आहेत,” मी म्हटलं.

“विद्यापीठाच्या आवारातले ना,” लायनल म्हणाला.

पायाला जळू लागली होती ती घरी आल्यावर कळली. किती दिवसांनी लागली. नुसतीच, कामाशिवाय, रोज येऊन बसायला काय हरकत आहे असं मनात आलं.

१९ जुलै

दुरुस्त केलेला निबंध परत आला. त्याने सगळं केलंय. पोयाच्या संध्याकाळी दगडावर कर्णा ठेवून धून वाजवली, डोंगराने ओ दिली. घंटेला दिली नाही, भोंग्याला दिली नाही. पाववाल्याने चार दिवस कर्णा बंद ठेवला, तेव्हा गिऱ्हाइकं ओरडली पण बेडूक ओरडले नाहीत. चंद्राचं नावही आता निबंधात नाही. मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या.

परीक्षकांना दिलेल्या उत्तरात लिहिलंय: ‘परीक्षक क्रमांक दोन यांस. तुमची नऊ पाने आली त्या दिवशी आधी मला शरमेने मेल्यासारखे झाले आणि मग रात्रभर हसू येत राहिले. मी ती आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, ही व्यक्ती तुझ्यावर रागावलेली नाही, तुझ्याइतकीच खूश झाली आहे.’

वीरकोडी आईला वाचून दाखवतो? या माणसाला मी कधी ओळखलंच नाही म्हणायचं. उगाच वर्षानुवर्षं मनात अढी धरून बसले.

त्याला परीक्षकाला सहलेखक करून घ्यायचं होतं. योगराजाने रीत म्हणून मला विचारलं. नको म्हटलं. परीक्षकाने पुढ्यातल्या ताटातलं उचलून खायचं नसतं, कोणी आग्रह केला तरी.

४ डिसेंबर, कोलंबोहून परत येताना गाडीत

वार्षिक परिषद. लायनल जेवणासाठी आला होता, असं तोच म्हणाला.

सकाळच्या सत्रात एक उंच, काटकुळा मुलगा उभा राहिला, इसुरु पल्लेगम, बदुल्लेकडचा. अंगावरचा कोट उसना असावा. मी याला जन्मात पाहिलेलं नाही. त्याने काही न बोलता ध्वनिमुद्रण लावलं. ओढ्याचं पाणी, मग दुरून पाववाल्याची धून. सभागृहात खसखस पिकली. मग एक बेडूक, मग चार, मग डोंगर. आधी हशा, मग शांतता, मग टाळ्या, थांबेचनात. आणि माझा वीरकोडी? तो माझ्या पुढच्याच रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. साडेचार महिने मी त्याच्यावर फुकटची माया केली.

शेवटी तो मुलगा म्हणाला, “हे मी शोधलेलं नाही. मी बेडकांना चंद्र शिकवत बसलो होतो. एका परीक्षकाने हे ऐकलं आणि सगळंच्या सगळं मला देऊन टाकलं. ते कोण हे मला माहीत नाही, माहीत व्हायचंही नाही. इथे असतील तर त्यांनी उभं राहू नये. पण माझ्या आईने त्यांना नमस्कार सांगितलाय.”

सगळे माना वळवून एकमेकांकडे बघायला लागले. मीही वळले, मागच्या रांगांकडे बघितलं, जणू शोधतेय. माझा चेहरा कोणाला दिसू नये म्हणून बराच वेळ वळूनच राहिले. लायनलही माझ्यासारखाच मागे वळून शोधत होता.

जेवताना वीरकोडी आमच्याच टेबलावर. कोणीतरी म्हणालं, “डॉक्टर, ते तुम्हीच ना? बेडकांच्या आवाजातलं एवढं दुसऱ्या कोणाला कळणार?” वीरकोडी हो म्हणाला नाही. नाही पण म्हणाला नाही. डोळे खाली केले, रुमालाने ओठ टिपले आणि म्हणाला, “असं विचारायचं नसतं.” झालं, सगळे त्याचे हात हातात घ्यायला लागले. तो मुलगाही धावत आला आणि कमरेत वाकून नमस्कार करून गेला.

माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. एक शब्द बोलले असते तर संपलं असतं. नऊ पानांतलं कुठलंही पान मला तोंडपाठ आहे. जीभ दातांखाली धरून बसले आणि भात चिवडत राहिले.

तेवढ्यात लायनलने पाण्याचा घोट घेतला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “डॉक्टर, तुमच्याकडचा पाववाला पोयाला येतो का हो?”

“पाववाला?” वीरकोडी म्हणाला. “कोण जाणे. मला साखर आहे, मी पाव खातच नाही.”

“हं,” लायनल म्हणाला. “कोणत्या वेळेला येतो एरवी?”

“सांगितलं ना, माझं लक्ष नसतं.”

“हं,” लायनल पुन्हा म्हणाला आणि मान डोलावली, पूर्वी हिशेब घेऊन आलेल्या व्यापाऱ्यांपुढे डोलवायचा तशी. मग वीरकोडीने विषय बदलला.

मला एकदम हसू आलं. राग कुठे गेला कळलंच नाही. काय घेऊन गेला तो? चार हस्तांदोलनं. त्या पोयाच्या संध्याकाळी डाव हातात घेऊन मी जे ऐकलं ते त्याला कधी ऐकू येणार नाही. मी वीरकोडीला म्हटलं, “अभिनंदन, डॉक्टर,” आणि मनापासून म्हटलं.

लायनलच्या काहीच लक्षात आलेलं नाही. एवढा आयकर खात्यातला, पण पाववाल्याची चौकशी करत बसला. जेवण संपता संपता वातलप्पन आलं, गुळाचं आणि नारळाच्या दुधाचं गोड, वर काजू घातलेलं. एकतीस वर्षांच्या संसारात या माणसाने आपल्या वाटणीचं वातलप्पन कोणाला दिलेलं नाही, आमच्या लग्नातही नाही. आज त्याने आपली वाटी उचलली, माझ्या वाटीशेजारी ठेवली आणि हात पुसत खिडकीबाहेर बघत बसला. मी म्हटलं, “का रे, पोट बरं नाही का?”

“खा गं,” म्हणाला.

दोन्ही खाल्ल्या.